डावा अंगठा

मला ड्रायव्हर केलं त्या दिवशी टीममधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमची टीम टाळ्या वाजवणाऱ्यांतली नाही. आमच्याकडे कुणी अगदी जीव ओतून काम केलं तरी त्याला "बरं, आता तो पाना जागेवर ठेव" एवढंच ऐकायला मिळतं. शाळेच्या व्यायामशाळेमागे एक लांबट खोली आहे, तिथे आमचं बस्तान. मधोमध मोठं टेबल, टेबलावर ॲल्युमिनियमचा कीस, डाग देण्याच्या यंत्राचा जळका वास, आणि खुर्च्या नेहमी माणसांपेक्षा कमी. अशा खोलीत टाळ्या वाजल्या की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

दोन वर्षं मी या टीममध्ये आहे. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कामांची वाटणी लिहिलेली असते: बांधणी, वायरिंग, कोड, ड्रायव्हर, सादरीकरण. माझं नाव कायम सादरीकरणाखाली. सादरीकरण म्हणजे पोस्टर रंगवायची, टी-शर्टांची मापं घ्यायची, आणि स्पर्धेत परीक्षक टेबलापाशी आले की हसतमुखाने रोबोटची माहिती सांगायची. ती मी इतकी झकास सांगते की गेल्या वर्षी एका परीक्षकांनी विचारलं, "गिअरबॉक्स तूच बसवलास का?" मी हो म्हणणार होते, पण शेजारी कॅप्टन उभा होता. मग "आम्ही बसवला" म्हणाले. खरं तर तो बसवला जात असताना मी टी-शर्टांची मापं घेत होते.

दरवर्षी ड्रायव्हरसाठी चाचणी होते आणि दरवर्षी मी तिच्यात आपटते, कारण माझी पाळी आली की बॅटरी उतरलेली असते. बॅटरी ही उतरणारीच वस्तू आहे, हे मला मान्य आहे. ती माझ्याच पाळीला का उतरते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. असं काही बोलले की आई मला 'फौजदार' म्हणते. "आमच्या फौजदारबाईंना दुधात साय दिसली तरी चौकशी लावायची असते," असं तिने एकदा सगळ्या नातेवाइकांत सांगितलं होतं. म्हणू दे.

तर यंदा चाचणी झालीच नाही. कॅप्टन खोलीत आला, फळ्यावर ड्रायव्हरखाली लिहिलेलं स्वतःचं नाव त्याने तळहाताने पुसलं आणि तिथे माझं लिहिलं.

"यंदा ठोंब्याला तू चालव," तो म्हणाला. "मी शेजारी उभा राहून फक्त हात सांभाळतो."

ठोंब्या म्हणजे आमचा रोबोट. गुडघ्याएवढा उंच, चार चाकं, आणि पुढे चेंडू उचलून टोपलीत टाकणारा एक हात. पहिल्या वर्षी तो ऐन सामन्यात मैदानाच्या मध्यभागी ठप्प उभा राहिला, तेव्हापासून हे नाव. त्याला चालवायला दोन कंट्रोलर लागतात. एकाने चाकं फिरवायची, तो ड्रायव्हरचा. दुसऱ्याने हात वरखाली करायचा. दोन्हींवर अंगठ्याने ढकलायच्या दोन-दोन काड्या असतात. म्हणजे चाकं माझी आणि हात कॅप्टनचा, असं ठरलं.

कॅप्टन वाईट मुलगा नाही. तो कुणाशी भांडत नाही, आवाज चढवत नाही, आणि त्याचं म्हणणं नेहमी खरं होतं. अशा माणसांची मला जास्त धास्ती वाटते. दोन वर्षं स्वतःच्या हातून कंट्रोलर न सोडणारा माणूस आज तो माझ्या हातात देतो, वर हसतो, आणि सर मागे उभं राहून मान डोलावतात. का बरं?

उत्तर त्याच आठवड्यात सरांच्याच तोंडून आलं. सर भले गृहस्थ. टीमसाठी राबतात, फक्त पोटात काही ठेवता येत नाही त्यांना. चहा पिता पिता म्हणाले, "यंदा स्पर्धेत एक नवी ढाल आहे. ज्या टीममध्ये मुली नुसत्या नावाला नसतात, मैदानावर उतरतात, त्यांच्यासाठी." मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाले, "अर्थात तुझा त्याच्याशी काही संबंध नाही हं."

संबंध नव्हता तर माझ्याकडे बघितलं कशाला?

मला राग आला, पण तो मी गिळला. म्हटलं, कारण काही का असेना, कंट्रोलर तर हातात आलाय. ढालीसाठी घेतलं ना मला? घेऊ देत. मी असा चालवीन की ढालीचं नावही काढणार नाहीत. मला एवढंच हवं होतं. एकदा मैदानावर उभं राहायचं, ठोंब्या माझ्या अंगठ्याने चालवायचा, आणि मला येतं की नाही ते बघायचं. नाही आलं तर नाही आलं. पण बघायचं होतं.

आणि मला यायला लागलं. फारच यायला लागलं.

सरावाचं मैदान खोलीच्या मागच्या भागात अंथरलेलं असतं. करड्या फोमच्या चटया, चारी बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकच्या बुटक्या भिंती, मध्ये चार खांब. पहिल्या दिवशी मी ठोंब्याला दोनदा भिंतीवर घातला. दुसऱ्या दिवशीही एकदा. त्यानंतर मात्र एकदम सुधारले. खांबाला वळसा घालताना तो असा अलगद वळायचा की मलाच नवल वाटायचं. एकदा तर मी वळायचं विसरले, काडी सरळच ढकलून ठेवली होती, तरी ठोंब्या भिंतीच्या अलीकडे हलकेच उजवीकडे झुकला आणि निघून गेला.

"वा," कॅप्टन म्हणाला. "हात बसला तुझा."

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. तो अजून सरळच होता.

तेव्हापासून माझं लक्ष ठोंब्यावरून उडालं आणि कॅप्टनवर बसलं. तो आता माझ्या बरोबरीने उभा राहत नसे. अर्धं पाऊल मागे राहायचा. कंट्रोलर पोटाशी धरायचा आणि त्यावर जर्किनची कड ओढून घ्यायचा. खोलीत थंडी असते, हे खरं. पण ठोंब्याच्या हाताच्या कामाला एकच काडी लागते, उजवी. ती वर केली की हात वर, खाली केली की खाली. डाव्या काडीला काही कामच नाही. मग जर्किनच्या कडेखाली त्याचा डावा अंगठा एवढा कशासाठी राबत होता?

मी ढापणीला विचारलं. ढापणी माझी मैत्रीण, टीममधली दुसरी मुलगी. जाड भिंगांचा चष्मा, त्यावरून हे नाव, आणि ते मीच ठेवलेलं, म्हणून ती मला चालवून घेते. ठोंब्याचा कोड ती लिहिते. सामन्याच्या सुरुवातीला थोडा वेळ रोबोटने कुणी हात न लावता स्वतःहून चालायचं असतं, मग ड्रायव्हरच्या ताब्यात यायचं. तो स्वतःहून चालण्याचा भाग गेल्या वर्षीपर्यंत एका शाळा सोडून गेलेल्या मुलाचा होता. यंदा पहिल्यांदाच ढापणीचा लावणार होते.

"कोडमध्ये काही बदललंय का गं?" मी विचारलं.

"कशात?"

"चाकांच्या."

"नाही," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पुसायला लागली. मग म्हणाली, "तुला जमतंय ते बघवत नाही का तुझं तुलाच?"

मला वाईट वाटलं, कारण ते थोडं खरं होतं. दोन वर्षं जे मागितलं ते मिळाल्यावर त्याच्याकडे संशयाने बघत बसणारी मी. सगळ्या जगाची झडती घेते मी, पण ढापणीला सूट दिलेली आहे. तिच्या शब्दावर मी विषय सोडला. म्हणजे चारचौघांत सोडला. मनातून सुटला नाही.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं माझ्या लक्षात आलं ते तिच्यामुळे. आई गाडी शिकवते. तिची शिकवायची गाडी जुनी आहे आणि सोडली की डावीकडे ओढते. तिच्याकडे शिकायला येतात त्या बहुतेक बायका. नवरा किंवा भाऊ शिकवताना ओरडतो म्हणून आईकडे येतात. आईच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारीला वाटतं आपणच चालवतोय, आणि खरं तर दर चौकात आईचा पाय काम करत असतो. पण आईचा एक नियम आहे. तिने ब्रेक दाबला की ती तोंडाने सांगते. मोठ्याने, न चुकता. "हा मी मारला."

लहानपणी मी मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायचे, त्यामुळे ते वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. आणि दुसरी एक गोष्ट अंगात बसली. पुढे बसलेली शिकणारी ब्रेक मारते तेव्हा गाडी कशी थांबते, आणि आई मारते तेव्हा कशी. मी डोळे मिटून सांगू शकते. ठोंब्या वळायचा तो मला तसाच वाटत होता. दुसऱ्याच्या पायाने थांबलेल्या गाडीसारखा.

त्या शनिवारी मी मुद्दाम आईबरोबर गेले. शेजारच्या काकू शिकत होत्या. चौकात गाडी थांबली आणि आई म्हणाली, "हा मी मारला, काकू."

काकूंचा चेहरा पडला. "मला वाटलं, मीच मारला."

"म्हणून तर सांगितलं. नाहीतर उद्या एकट्या चौकात याल आणि तुम्हाला वाटेल, आपल्याला येतंय."

पुढच्या चौकात काकूंनी मान वळवून आईच्या पायाकडे बघितलं, तो दाबला जातोय की काय म्हणून. आईने तिथेच आवाज लावला. "माझ्या पायाकडे नाही बघायचं. पुढे बघा, रस्त्याकडे. सगळ्या इथेच चुकतात. मी सांगते ना तुम्हाला, मग झालं."

मी मागे बसून हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात एक युक्ती शिजली. आईचं ते 'पुढे बघा' मात्र मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याची किंमत नंतर मोजली.

युक्ती सोपी होती. स्पर्धेच्या आदल्या दुपारी शेवटचा सराव होता. सर्वजण कडेने उभे, सर हातात घड्याळ घेऊन. ठोंब्या स्वतःहून चालला, थांबला, मग माझ्या ताब्यात आला. मी एक खांब ओलांडला, आणि करंगळीने माझ्या कंट्रोलरच्या मागची वायर हळूच बाहेर ओढली. कंट्रोलरवरचा छोटा दिवा विझला. मी तो तळव्याने झाकला आणि अंगठे हवे तसे हलवत राहिले.

ठोंब्या थांबला नाही. त्याने दुसऱ्या खांबाला वळसा घातला, चेंडू उचलले, टोपलीपाशी गेला, टाकले, मागे फिरला.

"सुंदर," सर म्हणाले. "आज काय चालवलास."

पुन्हा टाळ्या वाजल्या. दुकानाबाहेरच्या खेळण्यातल्या मोटारीत लहान पोर बसवतात ना, ते स्टिअरिंग गरागरा फिरवतं आणि आईबाप कौतुक करतात, तशी मी उभी होते. कानशिलं तापली. रडू येईल असं वाटलं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी वायर परत खोचली, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "थँक यू, सर."

घरी जाताना सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं. कॅप्टनची डावी काडी चाकं फिरवते. त्याने हलवली की त्याचं चालतं, नाही हलवली तर माझं. त्याला ते कोडमध्ये लिहून हवं होतं. आणि कॅप्टनला कोडची एक ओळ लिहिता येत नाही. सरांनाही नाही. आमच्या टीममध्ये ते एकाच माणसाला येतं.

चष्मा पुसत होती ती.

रात्रभर माझा राग कॅप्टनवरून उठून ढापणीवर जाऊन बसला होता. सकाळी स्पर्धेच्या हॉलमध्ये मी तिला गाठलं, पाण्याच्या नळांपाशी. आत गोंगाट चालला होता, ड्रिल, शिट्ट्या, प्रत्येक टीमचं टेबल, त्यावर आपापली पोस्टर. आमचं पोस्टर सगळ्यांत चांगलं होतं. मीच केलेलं.

"डावी काडी," मी म्हटलं.

ती काही वेळ बाटली भरत राहिली. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करेना.

"तू रागावणार नसशील तर सांगते," ती म्हणाली.

"रागावणारच आहे. सांग."

"धडकू नये एवढ्यासाठीच होतं ते. सर म्हणाले, गाडी शिकवणाऱ्यांच्या पायाशी असतं तसं. तुझ्या आईचंच उदाहरण दिलं त्यांनी."

"माझी आई सांगते."

"काय सांगते?"

"ब्रेक मारला की सांगते, मी मारला म्हणून. मला कोण सांगणार होतं? ढाल मिळाल्यावर?"

ढापणीने नळ बंद केला. "मी नाही म्हटलं होतं आधी. खरंच. मग कॅप्टन म्हणाला, जमत नसेल तर राहू दे, आपण तो जुनाच कोड चालवू, तुझा पुढच्या वर्षी बघू. अगं, वर्षभर लिहिलाय मी तो. एकदा तरी चाललेला बघायचा होता मला."

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगते. तिचा राग आला आणि तिची कीवही आली. मला एकदा चालवायचं होतं आणि तिला एकदा चाललेलं बघायचं होतं. दोघींना एकेक गोष्ट देऊन त्यांनी आम्हाला एकमेकींच्या विरुद्ध बांधून टाकलं होतं, आणि तेही कुणाला न दुखवता, गोड बोलून. पण कीव आली म्हणून राग गेला नाही.

"मला येत नाही, असं तुलाही वाटतं ना?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तुला चालवताना कधी बघितलंच नाही."

"मग काढ ते."

"आता? सामना तोंडावर आलाय. आणि लॅपटॉपपाशी कॅप्टन बसलाय."

"बसू दे. तुझ्या हातात आहे ते, माझ्या नाही. मी पंचांकडे जाऊन सांगू शकते, पण मग ढालीसाठी फसवलं म्हणून सगळ्यांनाच बाहेर काढतील. तुझा कोडही गेला, माझं चालवणंही. आणि पुढच्या वर्षी मी परत पोस्टरवर. म्हणून तुला सांगतेय. काढ."

ती चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बाटली घेऊन आत गेली.

तो सामना जिंकलो तर आम्ही दुपारच्या फेरीत जाणार होतो, हरलो तर घरी. मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा आखलेली असते, तिथे मी आणि कॅप्टन. समोरच्या बाजूला दुसरी टीम. वर प्रेक्षकांत आई बसलेली मला दिसली. शिकवायची गाडी बाहेर लावून आली होती. ढापणी मैदानाच्या टोकाला, लॅपटॉप मिटून मांडीवर घेऊन. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने मान खाली घातली.

झालं, मी मनात म्हटलं. काढलेलं नाही हिने. काढलं असतं तर मान वर असती.

कॅप्टन माझ्या मागे अर्धं पाऊल सरकला. जर्किन घातलेलं होतंच. हॉलमध्ये माणसांच्या उबेने घाम फुटत होता, तरी.

"टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. "मी आहे."

शिटी वाजली. ढापणीचा भाग सुरू झाला. ठोंब्या एकटाच निघाला, पहिला खांब, दुसरा खांब, चेंडू, टोपली. एकही चेंडू बाहेर पडला नाही. प्रेक्षकांतून आवाज उठला, आणि तिच्यावर एवढा राग असूनही मला भरून आलं. किती सरळ चालवला होता तिने.

मग दुसरी शिटी झाली आणि ठोंब्या माझा झाला. म्हणजे कागदोपत्री माझा.

माझं ठरलं होतं. मी कॅप्टनला पकडणार होते. ठोंब्याला सरळ भिंतीवर सोडायचा, पूर्ण वेगात. कॅप्टन तो वळवणारच, रोज वळवतो. तो वळवत असताना वळून त्याचा डावा अंगठा सगळ्यांसमोर बघायचा. मोठ्याने सांगायचं, हा मी नाही वळवला, याने वळवला. मग बाहेर काढायचं तर काढू देत. नळापाशी मी जे नको म्हणाले होते, ते आता मला चाललं असतं. ढापणीने मान खाली घातली होती ना.

मी काडी पूर्ण ढकलली. ठोंब्या सुसाट निघाला. मी मान वळवून मागे बघितलं.

कॅप्टनचा डावा अंगठा मला स्वच्छ दिसला. जर्किनच्या कडेतून बाहेर आला होता. त्याने काडी उजवीकडे दाबली, मग अजून जोरात दाबली, इतकी की नख पांढरं पडलं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. तो ठोंब्याकडे बघत होता आणि मी त्याच्या अंगठ्याकडे.

धाड असा आवाज आला.

सगळा हॉल "अरे" म्हणाला. मी पुढे बघितलं. ठोंब्याने भिंतीत नाक खुपसलं होतं, आणि त्याचं पुढचं डावं चाक वाकडं होऊन बाहेरच्या बाजूला गेलं होतं.

काही क्षण मला काहीच कळेना. मग कळलं. ती काडी मेलेली होती. ढापणीने काढलं होतं. ठोंब्या सगळा माझा होता, शिटी वाजल्यापासून, आणि मी रस्त्याकडे बघायचं सोडून दुसऱ्याच्या पायाकडे बघत होते.

वर आई उभी राहिली होती. तिचा चेहरा मला दुरून नीट दिसला नाही. पण ती काय म्हणत असेल ते मला तोंडपाठ होतं.

"मागे घे," कॅप्टन दात आवळून म्हणाला. "मागे घे ना."

मी मागे घेतला. ठोंब्या डावीकडे ओढायला लागला. वाकड्या चाकाने तो सरळ जाईचना. पण डावीकडे ओढणारी गाडी मला नवी नव्हती. काडी जरा उजवीकडेच धरून ठेवायची, तिच्याशी भांडायचं नाही, आणि नजर दूर ठेवायची. मी कॅप्टनकडे परत बघितलं नाही. त्यालाही हात सांभाळण्यावाचून दुसरं काम उरलं नव्हतं, आणि ते तो चांगलं करतो, हे कबूल केलं पाहिजे. खांबाला वळसा घालताना मी खांबाला घासले. चेंडू उचलायला दोनदा जावं लागलं. एक टोपलीबाहेर पडला. पण बाकीचे आत गेले. प्रत्येक चेंडू आत पडताना मला माझा अंगठा कळत होता, हाडापर्यंत कळत होता. लांड्यालबाड्यांतून बाहेर येऊन इतकं वाईट आणि इतकं खरं चालवताना मला जो आनंद झाला, तो मी कुणाला सांगितला तर वेडी म्हणतील.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो. ती धडक झाली नसती तर जिंकलो असतो, हे फळ्यावरचे गुण बघून कुणीही सांगितलं असतं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ठोंब्याचं चाक बघायला खाली बसले. मला वाटतं, त्यांना कॅप्टनचा पांढरा पडलेला अंगठा दिसला होता. ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

कॅप्टनने मात्र दिली. पहिल्यांदाच आवाज चढवून, सगळ्या टीमसमोर तो म्हणाला, "तुझ्यामुळे हरलो आपण."

दोन वर्षं मी या टीममध्ये होते. इतक्या वेळा हरलो, कधी हातामुळे, कधी कोडमुळे, कधी बॅटरीमुळे. माझ्यामुळे हरलो असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पोस्टरमुळे कोण हरतं? सवयीने माझ्या तोंडावर उत्तरं आली होती. तुझी डावी काडी, सरांची ढाल, हिचा कोड. सगळी खरी. पण काडी माझ्या हातात होती आणि मी पुढे बघत नव्हते, हेही खरं होतं.

"हो," मी म्हटलं. मोठ्याने, आईच्याच आवाजात. "ती धडक मी मारली."

तो जर्किन काढून खांद्यावर टाकत निघून गेला.

ढापणी माझ्याजवळ आली. लॅपटॉप छातीशी धरलेला. डोळे लाल झाले होते. वर्षभर लिहिलेला तिचा कोड एकदाच चालला होता, आणि दुपारी तो परत चालणार नव्हता. ते माझ्यामुळेच.

"मी काढलं होतं गं," ती म्हणाली.

"कळलं ना, भिंतीवर आपटल्यावर. मान कशाला खाली घातलीस?"

"त्याला कळू नये म्हणून."

"मला सांगायचं तरी. नुसती खूण केली असतीस."

"केली असती," ती म्हणाली. "तू विश्वास ठेवला असतास?"

मी हो म्हणणार होते. मग तिच्याकडे बघितलं आणि म्हणता आलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जशी काही तिला ते माहीतच होतं. मग आम्ही दोघींनी ठोंब्याला दोन बाजूंनी धरून उचललं आणि टेबलावर आणून ठेवलं. मी पाना घेतला आणि वाकडं चाक काढायला बसले. तो माझ्या हातातून कुणी मागितला नाही.